तीन बोटांचं माप

तळ्याकाठच्या त्या वस्तीत तिला सगळे मावशी म्हणायचे. खरं तर ती एकाचीही सख्खी मावशी नव्हती, कारण तिला बहीणच नव्हती. एक धाकटा भाऊ होता, सुतार, होड्या बांधणारा. आणि एक लेक होती, चार घरं सोडून दिलेली. एवढीच तिची हक्काची माणसं. तिची हकिकत ऐकली की लोक हमखास विचारतात, इतकी खमकी बाई, नाकावर माशी बसू न देणारी, ती फसली कशी? या दोघांनी फसवली म्हणून फसली. बाकी कुणाची तेवढी छाती नव्हती.

मावशीचा धंदा जाळी विणायचा आणि फाटलेली सांधायचा. पुढच्या खोलीत खिडकीच्या गजाला जाळ्याचं टोक अडकवायचं, मांडीवर दोऱ्याचं रीळ घ्यायचं, डाव्या हाताची तीन बोटं जोडून त्यांच्याभोवती दोरा फिरवायचा आणि गाठ मारायची. जाळ्याच्या एकेका भोकाला आस म्हणतात. मावशीच्या जाळ्यातली पहिली आस आणि शेवटची आस यांत दोऱ्याचाही फरक सापडायचा नाही. नवरा गेला तेव्हा लेक पाळण्यात होती आणि भाऊ अजून शाळेच्या चड्डीत होता. दोघांना तिने या तीन बोटांवर वाढवलं. भावाच्या पहिल्या रंध्याचे आणि पटाशीचे पैसेही या बोटांनीच कमावले होते. हे ती कधी बोलून दाखवायची नाही. बोलून दाखवलं असतं तर कदाचित बरं झालं असतं.

चौदा वर्षांपूर्वी तळं पार निपटलं होतं. ज्याला त्याला घाई. जाळ्यांच्या आसा दरसाल बारीक होत गेल्या आणि शेवटी तर काहींनी मच्छरदाणीचं कापडच पाण्यात ओढलं. करंगळीएवढं पिल्लूही सुटेना. मग एका वर्षी तळ्यात धरायला काही उरलं नाही. होड्या काठावर पालथ्या पडल्या, पुरुष परगावी हमालीला गेले. जे मागे राहिले ते मच्छीमार सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन दिवस एकमेकांच्या उरावर बसून भांडले आणि चौथ्या दिवशी शहाणे झाले. मासे अंडी घालतात ते तीन महिने तळं बंद. लव्हाळ्याचा कोपरा कायमचा बंद. आणि जाळ्याची आस इतकी मोठी, की पिल्लू त्यातून सहज निसटावं.

इतकी म्हणजे किती, यावर पुन्हा जुंपली. शेवटी एका म्हाताऱ्या होडीवाल्याने मावशीचा हात धरून वर केला आणि म्हणाला, "हिच्या तीन बोटांएवढी. वाद संपला." वाद खरंच संपला. भावाने तिच्या जोडलेल्या बोटांच्या रुंदीची एक लाकडी फळी करून दिली. त्या दिवसापासून मोसमाच्या पहिल्या सकाळी सगळी जाळी धक्क्यावर यायची. मावशी आसेआसेतून फळी घालून बघायची. फळी गेली, तर जाळ्याच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याची गाठ. नाही गेली, तर जाळं घरी. ज्या सरकारी खात्याचं तळं होतं त्यांनी ते वस्तीच्या हवाली केलं, तेही याच अटीवर.

लाकूड भिजतं, झिजतं, म्हणून दरसाल मोसमाआधी भाऊ नवी फळी करून सभेत आणायचा. जुनी आणि नवी एकमेकींना चिकटवून मावशी कडेवरून अंगठा फिरवायची. कड कुठे लागली नाही, की सगळ्यांसमोर जुनी फळी चुलीत. वस्तीत दोन मापं नकोत, नाहीतर ज्याला जे सोयीचं ते तो काढून दाखवेल. ही जाळायची पद्धत मावशीनेच घालून दिली होती आणि तिचा तिला फार अभिमान होता. लबाडीची एक वाट तिने अशी डोळ्यांत तेल घालून बंद केली आणि त्याच वेळी दुसरी सताड उघडी ठेवली, हे तिच्या ध्यानात आलं नाही. जुनं एकही माप उरलं नाही, तर नवं खोटं आहे हे ठरवायचं कशावरून?

पहिली दहा-अकरा वर्षं तिने कुणाचीही भीड ठेवली नाही. वस्तीत एक होडीवाला होता, त्याला सगळे वकील म्हणायचे, कारण तो कोर्टाची पायरी न चढताही अष्टौप्रहर युक्तिवाद करायचा. तो दरवर्षी हुज्जत घाली. दोरा ओला आहे म्हणून आकसला, फळी तिरकी धरली, गेल्या वर्षी चाललं मग यंदा का नाही. मावशी त्याचं सगळं ऐकून घ्यायची आणि जाळं परत करायची. एका साली सख्ख्या जावयाचं जाळं तिने नापास केलं. लेक महिनाभर आईच्या दाराकडे फिरकली नाही. मावशी एकटीच जेवायची आणि पानावरून अर्धपोटी उठायची, पण गाठ मारली नाही ती नाहीच. तळं मात्र भरत गेलं. पालथ्या होड्या सुलट्या झाल्या, भावाच्या कारखान्यात नव्या होड्यांचे सांगाडे उभे राहिले, लांबून लोक बघायला यायचे. मावशीच्या गाठीला खात्याचा साहेबसुद्धा मान द्यायचा. गाठ दिसली की जाळ्याला हात न लावता पुढे जायचा.

मग तीन वर्षांपूर्वी वकील अचानक गप्प झाला. जाळं ठेवी, गाठ मारून घेई, वर "मावशी, दमलात का?" असं विचारी. मावशीला वाटलं, वयाने अक्कल आली. माणसाबद्दल चांगलं वाटून घ्यायची खोड तिला होतीच, वरून कितीही कडक असली तरी.

त्याच्या पुढच्या साली तिने सहज फळीवर बोटं ठेवली तर बोटं दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होती. थोडीशीच, पण ज्या बोटांवर जन्म गेला त्यांचं थोडंसंही कळतंच. तिने भावाला दाखवलं. भाऊ हसला. "ताई, फळी तीच आहे. तू स्वतः अंगठा फिरवून घेतलीस. बोटं सुजलीत तुझी. इतकी वर्षं गाठी मारून दुसरं काय होणार?" लेकीने हात हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "आई, सांधे केवढे जाड झालेत." दुसऱ्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी मलमाची डबी घेऊन यायला लागली. गरम पाण्याने हात शेकायची, एकेक बोट चोळायची, मुलांच्या शाळेच्या गोष्टी सांगायची. एकदा रुसून बसलेली लेक आता रोज येत होती. मावशीला ते दुखणंच गोड वाटलं.

पण त्या दिवसापासून तिने बोटांवर विणायचं सोडलं. बोटं दगा देतात असं एकदा मनाने घेतलं की गाठ कशी मारवेल? ती फळीवर विणू लागली. फळीवर हात अडखळतो, काम रेंगाळतं. मग नवी जाळी लोक बाहेरून आणायला लागले आणि तिच्याकडे फक्त सांधायची कामं उरली. तेवढ्यात तळ्यातली मासळी लहान होत चालली. तिने विचारलं, तर कुणी म्हणे पाणी कमी, कुणी म्हणे ऊन जास्त. बाजाराला जाणाऱ्या टोपल्यांत पोटात अंडी न धरलेली कोवळी मासळी ती बघायची आणि आपलंच काही चुकतंय का म्हणून मनाला खात बसायची. लव्हाळ्याच्या कोपऱ्यात कुणी शिरतं का, हे बघायला ती त्या वयात भर दुपारी काठाने चालत जायची. शिरत कुणी नव्हतं. शिरायची गरजच नव्हती.

यंदा मोसम उघडायला पाच दिवस होते. मावशीने नवी फळी धुतली आणि वाळवायला परसात नेली. परसात घेवड्याचा वेल चढवायला तिने स्वतःचं एक जीर्ण जाळं ताणून बांधलं होतं, पहिल्या सालचं, बोटांवर विणलेलं. शेंगा तोडायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून तिने फळी जाळ्याच्या एका आसेत खोचली. फळी आरपार जाऊन चिखलात पडली. तिने उचलली, पुसली, दुसऱ्या आसेत खोचली. तीही पडली. सात-आठ आसा झाल्या. मग तिने शेंगा खाली ठेवल्या आणि डाव्या हाताची तीन बोटं जोडून आसेत घातली. बोटं बरोब्बर बसली. ना सैल, ना घट्ट, चौदा वर्षांपूर्वी बसायची तशीच.

ती तिथेच वाफ्याच्या कडेला बसली. जाळं ताणलं असेल, असं एकदा मनाशी म्हणून बघितलं. पण जाळं ताणलं आणि बोटंही नेमकी तेवढीच सुजली, असं कुठे होतं? बोटांना काही झालेलं नव्हतं. दोन वर्षं ती धडधाकट बोटांना मलम चोळून घेत होती.

भावाच्या कारखान्यात एक अर्धी होडी लाकडी घोड्यांवर चढवलेली होती आणि तो तिच्या काठाला रंधा मारत होता. पायाखाली भुशाचा ढीग. बहिणीला बघून त्याने रंधा थांबवला.

"ये ताई. चहा सांगतो."

"चहा नको. तीन बोटांची फळी अडीच बोटांची कधी झाली, ते सांग."

"परत तेच? अगं, बोटं सुजलीत..."

"सुजलेली बोटं माझ्या जुन्या जाळ्यात जातात. आत्ता बघून आले. तुझी फळी त्यातून खाली पडते."

भावाने उगाच एकदा रंधा ओढला. लांब सालपट निघालं, ते त्याने बोटाला गुंडाळलं, सोडलं. लहानपणी काही फोडलं की तो असाच हातातल्या वस्तूशी चाळा करायचा. तिला पुढचं विचारायचीही गरज नव्हती, तरी तिने विचारलं.

"किती वर्षं?"

"तीन."

"मी दरसाल दोन्ही फळ्या जोडून बघते."

"तू जुनी म्हणून जी बघायचीस ती जुनी नसायची, ताई. मी दोन नव्या करायचो, दरसाल थोड्या अरुंद. एक दगडावर घासायची, चहाच्या चोथ्यात बुडवून काळवंडायची. सभेच्या आधी ती तुझ्या घरात ठेवलेली असायची, आणि खरी काढून घेतलेली."

"माझ्या घरात कोण ठेवायचं?"

त्याने रंध्याच्या पात्यावरचा भुसा फुंकला. घराची दुसरी किल्ली कुणाकडे असते हे दोघांनाही माहीत होतं.

"सगळी वस्ती दारात येऊन बसली होती," तो म्हणाला. "मासा डोळ्यांसमोर जाळ्यातून निसटतो आणि होडी अर्धी रिकामी येते. किती दिवस बघायचं? होड्या रिकाम्या आल्या तर माझ्याकडून नवी होडी कोण बांधून घेईल?"

"निसटतो म्हणूनच पुढच्या वर्षी मोठा होऊन मिळतो. त्याच्यासाठीच तर माप केलं. नको होतं, तर सभेत सांगायचं, माप कमी करा म्हणून."

"खात्याने तळं काढून घेतलं असतं. आणि तू हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले."

"मग? साहेब फक्त तुझी गाठ बघतो. दुसऱ्या कुणाची असती तर त्याने जाळी तपासली असती. तुझ्या नावावर सगळं निभावलं, ताई."

हे तो कौतुकाने बोलला. आपण बहिणीचा मान वाढवतोय, असंच त्याला खरोखर वाटत होतं, आणि हेच मावशीला सर्वांत झोंबलं. चोराने घर लुटावं आणि कुलूप किती भक्कम होतं याची तारीफ करावी, तसला प्रकार. ज्याला तिने स्वतःच्या तोंडातला घास काढून दिला असता, त्याने तिच्याच प्रामाणिकपणाने तिचा केसाने गळा कापला. ती घरी आली.

संध्याकाळी लेक आली. डबी उघडली, आईचा हात मांडीवर घेतला. मावशीने तो काढून घेतला नाही. करंगळी झाली, अनामिका झाली. लेक मधल्या बोटाशी आली तेव्हा मावशी शांतपणे म्हणाली, "कशाला चोळतेस? त्याला काय झालंय?"

लेकीचा अंगठा थांबला.

"मामाने सांगितलं तुला," ती म्हणाली.

"जाळ्याने सांगितलं. मामाने फक्त कबूल केलं. फळ्या तू बदलायचीस?"

"ह्यांनी गळ घातली, आई. एकदा तू ह्यांचं जाळं परत केलंस, अख्खा मोसम हे दुसऱ्याच्या होडीवर राबले. माझी दोन पोरं आहेत. मी काय करायला हवं होतं?"

"माझ्याशी भांडायला हवं होतं. महिना कशाला, वर्षभर तोंड बघितलं नसतंस तरी चाललं असतं." मावशीने डबीचं झाकण लावलं. "मला वाटलं, लेक माझ्यासाठी येते."

"तुझ्यासाठीच येत होते," लेक म्हणाली आणि रडायला लागली. ते पूर्ण खोटंही नव्हतं. रोज हात हातात घेता घेता तिला आईजवळ बसायची खरीच सवय लागली असावी. पण त्या सवयीला आता कुठे ठेवायचं, हे मावशीला कळेना.

"एक काम कर," ती शेवटी म्हणाली. "पहिल्या दिवशी मी फळी आणणार नाही, बोटांनी मोजणार. जाळी अडकतील, सगळे माझ्या बोटांवर येतील. तेव्हा तू चारचौघांत एवढंच सांग, की आईच्या हाताला काही झालेलं नव्हतं. दोन वर्षं हात तू चोळलेत, तुझं ऐकतील. जाळी बदलायला दोन महिने जातील, तेवढ्यात तळ्याला उसंत मिळेल. नाहीतर अजून दोन सालांनी होड्या परत पालथ्या."

"सांगेन," लेक म्हणाली. डोळे पुसून तिने पुन्हा म्हटलं, "आई, नक्की सांगेन."

मावशीने विश्वास ठेवला. इतकं होऊनही ठेवला. आई होती, दुसरं काय करणार?

पहिल्या दिवशी सकाळी धक्क्यावर एकेचाळीस जाळी आली. मावशी खालच्या पायरीवर नेहमीच्या जागी बसली, मांडीवर लाल दोरा. फळी नव्हती. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, पण कुणी विचारलं नाही, त्यावरून त्यांना आधीच कळलं होतं हे उघड झालं. पहिलं जाळं वकिलाचं. मावशीने तीन बोटं आसेला लावली. दोन आत गेली, तिसरं अडकलं. दुसरी आस, तिसरी आस. तिने जाळं बाजूला ठेवलं. पुढचं घेतलं, तेही बाजूला. जावयाचं, शेजाऱ्याचं, ज्याच्या लग्नाला ती हौसेने राबली होती त्याचं. ऊन डोक्यावर येईपर्यंत एकेचाळीसही झाली. लाल दोरा होता तसाच होता.

"माप चोरलंय," ती म्हणाली. "कुणी चोरलंय ते तुम्हाला माझ्याआधी माहीत आहे. ही जाळी आज पाण्यात गेली तर एक पिल्लू सुटायचं नाही. मी गाठ मारणार नाही."

कुणी भांडलं असतं तर तिला बळ आलं असतं. कुणी भांडलं नाही. वकील उठला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो प्रेमाने बोलला.

"मावशी, कशाला त्रास करून घेता? तुमची बोटं सुजलीत. सगळ्या वस्तीला ठाऊक आहे."

"हो ना," मागून कुणी म्हणालं. "वय झालं." "उन्हात बसवलंच कशाला त्यांना?" चारी बाजूंनी माया ओसंडू लागली. सोसायटीचा चेअरमन म्हणाला की मावशींनी वस्तीसाठी खूप केलं, आता त्यांना आराम द्यायला हवा. भाऊ होडीच्या आडून पाण्याकडे बघत राहिला.

मावशीने लेकीकडे पाहिलं. लेक नवऱ्याच्या शेजारी उभी होती, धाकटं पोर कडेवर. नवरा तिच्याकडे बघत नव्हता, पण त्याने तिचं कोपर धरलं होतं.

"बोल," मावशी म्हणाली. "सांग यांना."

लेकीने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. आवाज स्पष्ट होता, शेवटच्या पायरीपर्यंत जाईल असा. "रोज मलम लावते मी. बोटं सुजलेलीच आहेत आईची. हल्ली तिला बाकीचंही नीट आठवत नाही."

ते शेवटचं वाक्य कुणी तिला शिकवलं होतं की तिचं तिलाच सुचलं, हे मावशीने पुढे कधी विचारलं नाही. चेअरमनने विचारलं, मग गाठ कोण मारणार? सगळ्यांच्या नजरा लेकीवर गेल्या. तिने पोर नवऱ्याकडे दिलं, खाली आली, आईच्या मांडीवरचा लाल दोरा उचलला आणि वकिलाच्या जाळ्याला गाठ मारली. मग दुसऱ्याला. गाठ चांगली होती, घट्ट आणि छोटी. मावशीनेच शिकवली होती ती. मावशी बसून बघत राहिली. मध्येच एकदा एक गाठ सैल पडली तेव्हा तिचा हात आपोआप पुढे झाला, आणि तिने तो मागे घेतला.

होड्या निघून गेल्या. धक्का रिकामा झाला, भाऊ कधी गेला ते कळलंही नाही. इतका वेळ एका जागी बसून मावशीच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. ती उठायला गेली आणि तोल गेला. लेकीने पुढे होऊन खांदा दिला. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, कठडा नव्हता, आणि धक्क्यावर दुसरं कुणीही नव्हतं. मावशीने लेकीचा खांदा धरला आणि एकेक पायरी चढून ती वर आली.